माळ्यावरची हाक

माझ्या बायकोचा चेहरा मी पाहिला त्याच्या कितीतरी आधी तिचा आवाज ओळखत होतो. अणदूरच्या अलीकडे रस्त्याला लागूनच तिच्या घरच्यांचं रान होतं. ज्वारी दाण्यात आली की त्या रानात माळा उभा राहायचा, म्हणजे चार मेढी रोवून वर फळ्या टाकलेली उंच बैठक. त्यावर उभं राहून एक पोरगी दिवसभर पाखरं राखायची. हातात गोफण असायची, पण तिचा खरा भरवसा गळ्यावर होता. "हुर्याऽऽऽ हो!" अशी हाक निघाली की चिमण्यांचा अख्खा थवा उठायचा आणि रस्त्यावरून जाणारा मी सायकलवर दचकायचो.

मी तेव्हा आमच्या गावच्या दूध सोसायटीचे कॅन सायकलला अडकवून फाट्यावर न्यायचो. फाट्यावर दूध संघाची गाडी यायची, आणि तिच्या ड्रायव्हरला कुणाहीसाठी थांबायचं म्हणजे कमीपणा वाटायचा. गाडी हललेली दिसली की मी सायकल तशीच टाकून तिच्यामागं बोंबलत पळायचो. बहुतेक वेळा गाठायचो. पळण्याचं माझं शिक्षण म्हणाल तर एवढंच.

बहात्तरच्या दुष्काळात कुणी पेरलंच नाही, तर राखणार काय? त्या साली आम्ही सगळेच दुष्काळी कामावर होतो. खडी फोडायची, सुकडी खायची आणि आभाळाकडं बघायचं नाही असं ठरवून संध्याकाळी आभाळाकडंच बघत घरी यायचं. पाखरं कुठं निघून गेली होती कोण जाणे. त्या रस्त्यानं जाताना मला सगळ्यात जास्त काय खुपलं असेल तर ती शांतता. पाण्याचं दुःख सगळ्यांचं होतं, ते बोलून दाखवता यायचं. एका अनोळखी पोरीची हाक ऐकू येत नाही म्हणून वाईट वाटतं, हे कुणाला सांगणार?

पुढं पाऊस झाला, ज्वारी आली, आणि एका सकाळी ती हाक पुन्हा आली. मी सायकल थांबवून ऐकत उभा राहिलो. त्या दिवशी दुधाची गाडी चुकली, दूध नासलं, आणि सोसायटीच्या चेअरमननी मला जे सुनावलं ते मी हसत ऐकून घेतलं. ते अजूनच भडकले.

आमचं लग्न रीतसर बघूनच झालं. घरच्यांना वाटलं स्थळ त्यांनीच शोधलं, आणि मी तसं वाटू दिलं. लग्नात सगळ्यांनी अडवून धरलं तेव्हा तिनं उखाण्यात माझं नाव घेतलं, तेही तोंडावर पदर धरून, अर्धं गिळून. त्यानंतर कधीच नाही. आमच्याकडं बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. मी "अहो" होतो, रागात "ओ ऐकायलाव का" होतो, आणि फारच राग आला तर ती माहेरच्या कानडीत काहीतरी पुटपुटायची, ते मी आजपर्यंत विचारलेलं नाही. तिनं इतकं जपलेलं नाव मी तरी इथं कशाला उधळू? तेव्हा तेही या लिखाणात येणार नाही.

ऐंशीच्या दशकात आमच्या दूध संघाला वाटलं की आपला एखादा माणूस परदेशी जाऊन दूध टिकवण्याचं शास्त्र शिकून यावा. तोवर मी दुग्धशास्त्राची पदविका घेऊन संघाच्या प्रयोगशाळेत लागलो होतो. मला लंडनला पाठवायचं ठरलं. तिलाही बरोबर न्यायचं हा हट्ट माझा. तिला दिवस गेले होते, आणि इतकी वर्षं वाट पाहून गेले होते. एकटी सोडून जायला माझं मन धजेना.

आम्ही एका म्हाताऱ्या बाईच्या घरात वरची खोली घेतली. बाई भली होती, पण पहिल्याच दिवशी तिनं जिन्यात उभं राहून सांगितलं, की या घराच्या भिंती पातळ आहेत आणि तिला गलबला सोसत नाही. मी बायकोला तिचं बोलणं मराठीत करून सांगितलं. त्या दिवसापासून आमच्या घरातला आवाज निम्म्यावर आला. बायको खलबत्त्यात काही कुटायची असली की खाली टॉवेलची घडी घालायची. भांडी एकमेकांवर ठेवताना मध्ये फडकं. तीन रानं ओलांडून ऐकू जाणारी बाई आता माझ्याशीही कुजबुजत बोलायची.

दिवाळीच्या सुमाराला तिथल्या दवाखान्यात आमची मुलगी जन्मली आणि जन्मताच गेली. आधीच आली होती, फारच आधी. नर्सनं तिला मऊ कापडात गुंडाळून आमच्या हातात दिलं आणि बाहेर जाऊन खाटेभोवतीचा पडदा ओढून घेतला. सगळे फार हळुवार वागले. माझ्या बायकोला चहा आणून दिला, पाठीवर हात ठेवला. ती रडली, पण तोंडात पदर कोंबून, आवाज न करता. शेजारच्या खाटांवर लेकुरवाळ्या बायका झोपल्या होत्या.

गावाकडं असतो तर काय झालं असतं ते मला माहीत होतं. आया-बहिणी, चुलत्या, शेजारणी, सगळ्या आल्या असत्या. गळ्यात पडून, हेल काढून रडल्या असत्या. पोरीचे नाकडोळे वर्णून, देवाला बोल लावून, पार घसा बसेस्तोवर. मला लहानपणी त्या रडण्याची भीती वाटायची. शिकल्यावर त्याचं हसूही यायचं. आता कळलं की ते बाईच्या अंगातून दुःख काढायचं काम असतं, आणि ते एकटीनं होत नाही. माझ्या बायकोच्या अंगात ते तसंच राहून गेलं होतं.

त्या खोलीत ती दिवसेंदिवस खिडकीशी बसायची. विचारलं तर "व्हय", "न्हाय", एवढंच. बाहेर माझ्याबरोबर यायची, एकटी कधीच नाही. मी एकदा म्हटलं, "रड की गं मोठ्यानं. म्हातारीला मी सांगतो."

"सांगून का रडत असतेत?" ती म्हणाली.

प्रयोगशाळेत माझ्या शेजारच्या टेबलावर एक वयस्क इंग्रज गृहस्थ बसायचे. दुधाचे नमुने तपासता तपासता ते पळण्याबद्दल बोलायचे. वसंतात त्यांच्या शहरात मॅरेथॉन होते, सव्वीस मैल, साधी माणसंही पळतात, रस्ताभर लोक उभे राहतात. मी त्यांना दुधाच्या गाडीची गोष्ट सांगितली, आणि त्यांनी ती इतकी मनावर घेतली की माझंही नाव शर्यतीत घालून टाकलं. मला वेड्यात काढायला हरकत नव्हती. पण त्यांचं एक वाक्य माझ्या डोक्यात बसलं होतं: रस्ताभर लोक उभे राहतात आणि ओरडतात.

तेवढ्यासाठी मी पळालो. इतकी वर्षं लोक विचारतात, लंडनची मॅरेथॉन पळण्याचं डोक्यात कसं आलं, आणि मी तब्येत वगैरे काहीतरी सांगतो. खरं हे आहे की मला माझ्या बायकोला घराबाहेर काढायचं होतं, एकटीला, आणि तिच्या गळ्यातून एकदा तरी मोठा आवाज निघालेला ऐकायचा होता. बहात्तर साली ती हाक बंद झाली तेव्हा मी नुसता वाट बघत बसलो होतो. या वेळी मला वाट बघवेना.

थंडीभर मी जवळच्या बागेत सकाळी पळायचो. घरी आलो की ती पायांना लावायला तेल कोमट करून ठेवायची.

"कशाला पळायलाव एवढं? मागं का कुणी लागलंय?"

"लोक पळतेत इथं."

"लोकांला काम न्हाय," ती म्हणायची. पण तेल रोज कोमट असायचं.

शर्यतीच्या आधीच्या रविवारी मी तिला बसनं घेऊन गेलो आणि जागा दाखवली. अर्ध्याहून जास्त अंतर झाल्यावर जिथं पाय बोलायला लागतात, तिथं एक वळण होतं. कोपऱ्यावर लाल पत्रपेटी, मागं विटांची भिंत. "ह्या पेटीपाशी उभी राहा. शेंगदाण्याचे लाडू आण. मी आलो की हाक मार, नाहीतर त्या गर्दीत तू मला दिसायची नाहीस."

"कशी मारू?"

"नाव घेऊन. इथं सगळ्या बायका घेतात."

तिनं माझ्याकडं अशी नजर टाकली, जणू मी तिला भर रस्त्यात पदर टाकायला सांगितलं होतं. "मला न्हाय जमायचं."

"इथं कुणाला कळणार आहे?"

"मला कळंल की." आणि जरा वेळानं, "एवढं पळून आधीच आयुष्य कमी करायलाव. त्यात माझी भर नको."

पुष्कळ दिवसांनी तिनं केलेली ती पहिली थट्टा. मी आनंदानं बसचं तिकीटच हरवून बसलो.

शर्यतीच्या सकाळी थंडी होती. हजारो माणसं मैदानात गोळा झालेली, कुणी अंगावर प्लास्टिकच्या पिशव्या अडकवलेल्या, कुणी जागच्या जागी उड्या मारतंय. आम्ही निघालो तेव्हा आधी नुसतं चालणंच झालं, इतकी गर्दी. मग रस्ता मोकळा झाला, आणि दोन्ही कडांना लोक. खरोखरच लोक! म्हाताऱ्या, पोरं, दुकानदार, पोलीस. सगळे ओरडत होते आणि त्यातला एकही कुणाचा काही लागत नव्हता.

माझी पहिले काही मैल फार पंचाईत झाली. आपल्याकडं वाटेत कुणी बोललं तर थांबून उत्तर द्यायचं असतं; न देता पुढं गेलं तर माणूस माजला म्हणतात. कुणीतरी माझ्याकडं बघून ओरडायचं, मी वळून हात जोडायचो. कुणी संत्र्याची फोड पुढं करायचं, मी थांबून ती घ्यायचो आणि आभार मानायचो. एका बाईंनी माझी फार आस्थेनं चौकशी केली असं वाटून मी त्यांना मी कुठला, हेही सांगायला लागलो. शेवटी मागून येणाऱ्या एकानं खांद्याला धरून मला पुढं ढकललं.

नदीवरचा मोठा पूल आला, त्यावर तर कानठळ्या बसल्या. पुलानंतर मात्र पाय जड व्हायला लागले. मी मनातल्या मनात दुधाची गाडी पुढं ठेवली आणि तिच्यामागं पळत राहिलो. ती पत्रपेटी यायची होती. बायको निघाली असेल का? बसमध्ये चढली असेल का? कंडक्टरला पत्ता दाखवायचा एवढंच तर होतं. पण जी बाई महिनोन् महिने जिन्याखाली एकटी उतरली नव्हती, तिला मी एका सकाळी लंडनच्या मध्यात ये म्हणून सांगितलं होतं.

वळण आलं. कोपऱ्यावर लाल पेटी दिसली. तिच्याभोवती गोरे चेहरे, टोप्या, छत्र्या. माझी बायको नव्हती.

मी थांबलो. पेटीभोवती दोनदा फिरलो. माणसांच्या मागं डोकावून बघितलं. हिरवी साडी, त्यावर माझा जुना कोट, ही खूण कुठं लपण्यासारखी नव्हती. लोक मला पळ, पळ म्हणून ओरडत होते, आणि मी तिथं खांबासारखा उभा. एक पोलीस येऊन विचारून गेला, लागलं आहे का. मी नाही म्हटलं. पायांत गोळे यायला लागले, घाम गार पडला. ती घरातून निघालीच नसेल तर माझं सगळं फुकट होतं. आणि निघून चुकली असेल तर तिच्या तोंडून रस्ता विचारायलासुद्धा आवाज निघायचा नाही. शर्यत गेली खड्ड्यात, मी ठरवलं. ती सापडेपर्यंत मी इथून हलत नाही.

आणि माझ्या मागून, मी पळत आलो होतो त्या बाजूनं, हाक आली.

"हुर्याऽऽऽ हो!"

मी जागच्या जागी गर्रकन फिरलो. तो आवाज सगळ्या ओरडण्याच्या वरून आला, अणदूरच्या रानावरून यायचा तसा, सरळ आणि लांब. पुन्हा आला. मी पळणाऱ्यांच्या लोंढ्यात उलटा घुसलो. लोक मला चुकवत होते, शिव्याही देत असावेत. आधीच्या वळणापाशी विटांची भिंत, आणि भिंतीवर, सगळ्यांच्या डोक्यांच्या वर, हिरव्या साडीत माझी बायको उभी. दोन धट्ट्याकट्ट्या इंग्रज बायांनी खालून तिला दोन्ही बाजूंनी धरून ठेवलं होतं. भिंतीच्या पुढं, गर्दीत पार झाकून गेलेली, लाल पत्रपेटी.

आमच्या गावात पत्रपेटी एकच. शाळेच्या भिंतीवर. पेटीपाशी ये म्हटलं की दुसरा प्रश्न नाही. लंडनमध्ये तसली पेटी दर कोपऱ्यावर असते, हे रोज बघूनही माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. मी तिच्या समोरून पळत गेलो होतो आणि पुढच्या पेटीपाशी जाऊन तिला शोधत होतो.

"कवापासून अहो, अहो करायले मी," ती वरून म्हणाली. तिचा श्वास फुलला होता. "तुम्ही आपलं निघालाव पुढं. कुणाला ऐकू येतंय त्या गलबल्यात! मग चढले हितं."

ही सगळी वाक्यं ती ओरडून बोलत होती. तिनं वाकून लाडू माझ्या हातात दिला. मी खाल्ला, म्हणजे तोंडात कोंबला. डोळ्यांत पाणी आलं तर ते ठसक्यामुळं, असं मी तिला खुणेनं दाखवलं. तिला ते पटलं नसावं.

"आता थांबलाव कशाला? पळा की!"

"जातो. तू..."

"मी जाते बसनं. आले तशी. पळा! हुर्याऽऽऽ!"

ही पाखरं हाकलायची हाक होती. तिनं मला चक्क हाकलून लावलं. त्या दोन बायांना ती फारच आवडली. त्याही घसा मोकळा करून तसंच ओरडायला लागल्या, मग त्यांच्या शेजारचे, मग पलीकडच्या कडेचे. लंडनच्या त्या रस्त्यावर अर्धा मोहल्ला मला ज्वारीवरून उठवत होता, आणि मी हसत, लाडू गिळत, गोळे आलेल्या पायांनी पळत होतो. बराच लांब गेल्यावरही त्या सगळ्या आवाजांत तिचा आवाज मला वेगळा ओळखू येत होता.

पुढचे मैल कसे गेले ते मला नीट आठवत नाही. काही पळालो, पुष्कळ चाललो. शेवटच्या पुलावर कुणीतरी अंगावर चांदीच्या वर्खासारखा कागद टाकला, गळ्यात पदक घातलं. मला तिथल्या तिथं बसून घ्यावंसं वाटत होतं, पण मला घर गाठायचं होतं. खोलीत ती माझी वाट बघत असेल, बोलत असेल, असं मला वाटत होतं.

खोलीला कुलूप होतं. मी जिन्याच्या पायरीवर बसलो, पाय पसरून. खालच्या म्हातारीनं दार उघडून माझा अवतार बघितला आणि मुकाट्यानं चहा आणून दिला. ऊन उतरलं. मी पुन्हा काळजीत पडलो होतो, एवढ्यात खालचं दार वाजलं आणि ती वर आली. कोटाची बटणं चुकीची लावलेली, डोळे सुजलेले, केसांची बट सुटलेली. हातात कुणीतरी दिलेलं पिवळं फूल होतं.

"एवढा उशीर?"

ती बोलायला गेली आणि आवाज फुटेना. घसा पार बसला होता. ती माझ्या शेजारी पायरीवर टेकली, माझ्या गळ्यातलं पदक हातात घेऊन उलटंसुलटं करून बघितलं आणि परत माझ्या छातीवर ठेवलं.

"तुम्ही गेल्यावर समद्यांलाच हाका मारत बसले," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "पार शेवटच्या माणसापतुर. लंगडत येत होते बिचारे. त्यांलाबी मारल्या."

"चांगलं केलंस."

"मारता मारता रडू आलं." ती समोरच्या भिंतीकडं बघत होती. "लई रडले. आपल्याकडं रडतेत तशी. हेल काढून. पोरीला काय काय म्हणायचं ऱ्हायलं होतं, ते समदं म्हणले."

मी तिचा हात घट्ट धरला. त्या दिवशी भरभरून सुख आणि पोटातून दुःख, दोन्ही मला एकाच वेळी झालं. पुढं आम्हाला दोन मुलं झाली, संघाचं मोठं केंद्र उभं राहिलं, पण तसं वाटणं पुन्हा आलं नाही. खाली म्हातारीचं दार उघडंच होतं. बायकोनं आवाज खाली आणला नाही.

"त्या दोन बायांतल्या एकीनं मला धरून ठेवलं. तीबी रडली मंग."

"आणि बाकीचे? कुणी काय म्हणालं नाही?"

तिनं पदरानं नाक पुसलं आणि माझ्याकडं असं बघितलं, की एवढं शिकून मला एवढंही कळू नये.

"कोण काय म्हणणार? तिथं समदीच वरडत होती."